महिन्याची यादी कुठे गेली?

मृण्मयी_डोंबिवली

गेल्या रविवारी माळा आवरताना सासूबाईंची वही सापडली. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, पहिल्या पानावर "श्री" आणि खाली "वाणसामान १९९४". दर महिन्याला एक पान. कोलम १० किलो, गहू १५ किलो, तूरडाळ ३ किलो, साखर ५ किलो, गोडेतेल, शेंगदाणे, गूळ, जाडे पोहे, पातळ पोहे, हिंगाची डबी, काडेपेट्या, निळीची बाटली. चौतीस ओळी. सामान आलं की प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण आणि पानाखाली बेरीज. मध्येमध्ये काही नावांभोवती पेन्सिलने गोल काढलेत. ते कशासाठी, हे अजून उलगडलेलं नाही. कुणाच्या घरी अशी पद्धत असेल तर सांगा.

ते पान बघून मी फोनमधल्या किराणा ॲपचा मागच्या महिन्याचा हिशेब उघडला. सत्तावीस ऑर्डरी! घरात तेव्हाही पाच माणसं होती, आत्ताही पाचच आहेत.

त्यातली एक ऑर्डर सांगते. रात्री पावणेदहाला कोथिंबीर संपल्याचं लक्षात आलं. पंधरा रुपयांची जुडी. पडद्यावर आलं, "आणखी १८४ रुपयांची खरेदी करा, डिलिव्हरी मोफत." डिलिव्हरीचे लागणार होते तीस रुपये. ते वाचवायला मी चीज, शेवेचा पुडा आणि हात धुण्याच्या साबणाचं रीफिल घेतलं. रीफिलचे दोन पुडे मोरीवरच्या फळीवर आधीच पडले होते.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. सासूबाई यादी करायच्या त्या डबे उघडून. स्टुलावर चढून एकेक डबा हलवून बघायच्या आणि सासरे खाली बसून लिहायचे. आमची खरेदी डबे बघून होत नाही, पडदा बघून होते. हा बदल नेमका कधी झाला, कुणी घडवला आणि आपण त्यात कसे ओढले गेलो, यावर बोलायचं आहे. या धंद्याला आतून ओळखणाऱ्यांनी नक्की लिहा.

वाण्याचा_पोर

मृण्मयीताई, सांगली जिल्ह्यात बाजारपेठेच्या गावी आमचं तीन पिढ्यांचं किराणा दुकान आहे. अशा याद्या मी लहानपणापासून वाचत आलोय. कुणाचं अक्षर कसं, कुणाची डाळ कुठल्या तारखेला संपते, वडिलांना सगळं पाठ असायचं. यादी सकाळी दुकानात टाकायची, संध्याकाळी पोऱ्या सायकलवरून पोतं पोचवायचा, पैसे पगार झाल्यावर.

पण तेव्हा गिऱ्हाईक आपल्या मर्जीने घ्यायचं आणि आता कुणीतरी त्याच्या गळ्यात मारतं, एवढं सरळ ते नव्हतं. यादीत "अंगाचा साबण ४" एवढंच असायचं. कुठला द्यायचा ते वडील ठरवायचे, आणि ज्या कंपनीची बारावर एक फुकट अशी स्कीम चालू असेल तो साबण पिशवीत जायचा. माल आमच्या पाठीमागच्या फळीवर असल्यामुळे गिऱ्हाइकाचा हात तिथे पोचतच नव्हता. काय घ्यायचं ते यादी ठरवायची आणि कुठलं घ्यायचं ते आम्ही.

पहिला मोठा बदल माझ्या आठवणीत शाम्पूच्या पुड्यांनी केला. तामिळनाडूतल्या एका कंपनीने ५० पैशांत चिक शाम्पूची पुडी काढली आणि बाकीच्या कंपन्यांनाही स्वस्त पुड्या काढाव्या लागल्या. आम्ही त्या माळा दुकानाच्या तोंडाशीच टांगायला लागलो. त्याआधी शाम्पू ही श्रीमंताघरची बाटली होती. शेतावरून येणारी बाई एक पुडी तोडून घेऊन जायला लागली. यादीत नसलेली, येताजाता घेतलेली ही पहिली वस्तू म्हणेन मी. आणि यात फसवणूक नव्हती. मिलिलिटरचा हिशेब केलात तर शाम्पूची पुडी बरेचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. शंका असेल त्यांनी आज दुकानात जाऊन भागाकार करून बघा.

बिस्किटांचं वेगळं. पाच रुपयांचा पुडा पाच रुपयांचाच ठेवायचा, कारण गिऱ्हाईक नाणं पुढे करतं. मग महागाई झाली की आतलं वजन कमी होतं. किंमत वाढली तर लोक बोलतात, दहा ग्रॅम कमी झाले तर क्वचितच कुणाच्या लक्षात येतं.

निवांत_नौपाडा

+१. वजनाचं अगदी खरं आहे.

फळीमांडणी

मी अकरा वर्षं मोठ्या सुपरमार्केटांत माल मांडण्याच्या कामात होतो. त्यामुळे वाणीदादांच्या पुढची गोष्ट माझ्याकडे आहे.

मोठा फरक एकच पडला, मधला काउंटर गेला. डीमार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईला निघालं. बिग बझार त्याच्या एक वर्ष आधीचं. आता गिऱ्हाईक फळीपर्यंत पोचलं, हातात ट्रॉली आली. वाणी कुठला साबण देणार हे जाऊन, मांडणी कुठला साबण दाखवणार हे आलं. डोळ्यांच्या उंचीची फळी सगळ्यात महाग. ती कुणाला मिळते यावर कंपन्या आणि दुकानदार यांच्यात वाटाघाटी चालतात. मुलांचं खाऊचं सामान मुलांच्या उंचीवर. डाळ, तांदूळ, साखर मागे किंवा वरच्या मजल्यावर, म्हणजे रोजच्या वस्तूसाठी बाकीचं दुकान पार करून जावं लागतं. बिलाच्या रांगेत चॉकलेटं आणि बॅटऱ्या, कारण तिथे माणूस रिकामा उभा असतो.

पण ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं ती गोष्ट म्हणजे छापील किंमत. आपल्याकडे पॅकबंद मालावर सगळ्या करांसह जास्तीत जास्त किंमत छापावी लागते. हा कायदा ग्राहकाच्या बाजूचा, दुकानदाराने त्याहून जास्त घेऊ नये म्हणून केलेला. सुपरमार्केटने त्याचा वेगळाच उपयोग केला. फळीवरच्या पट्टीवर दोन आकडे शेजारी शेजारी, छापील १६० आणि आमची १३२. डोळा आधी १६० वर पडतो, आणि १३२ ही किंमत न राहता २८ ची बचत होते. बिलाच्या तळाशी "आज तुमची एवढी बचत झाली" हेही छापून येतं. मी लोकांना बाहेर पडताना तो आकडा एकमेकांना वाचून दाखवताना पाहिलंय. किती खर्च झाला हे कुणी वाचून दाखवत नाही.

डीमार्टचं श्रेय द्यायलाच हवं, तिथला स्वस्तपणा नुसत्या मांडणीचा नाही. बऱ्याचशा जागा भाड्याच्या न घेता स्वतःच्या मालकीच्या, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून त्याच्याकडून चांगला भाव, सजावट कमी, निवडक माल. म्हणजे भाव खरोखरच कमी असतो. पण कमी भावामुळे माणूस बिनधास्त होतो, आणि मग तिथे गेल्यावर प्लास्टिकचे डबे, पायपुसणी, टी-शर्ट असं यादीबाहेरचं सामान ट्रॉलीत पडतं. या सगळ्या धंद्याचं गणित त्यावर बरंच अवलंबून आहे. तेल-साखरेत फार काही सुटत नाही.

बिग बझारने २६ जानेवारी २००६ ला "सबसे सस्ता दिन" केला तेव्हा इतकी गर्दी लोटली की काही ठिकाणी दुकानं बंद करावी लागली. गरज पडली म्हणून खरेदीला जायचं हे मागे पडलं आणि तारीख आली म्हणून जायचं हे सुरू झालं. पुढे २०१४ च्या ऑक्टोबरात फ्लिपकार्टने बिग बिलियन डे करून तीच गर्दी फोनवर आणली.

मृण्मयी_डोंबिवली

बचतीचा आकडा वाचून दाखवणं आमच्या घरी शब्दशः होतं. अहो दर वेळी गाडीत बसल्या बसल्या वाचतात.

तुंगभद्रा_ते_मुळा

मी बेंगळुरूला असतो. काही वर्षं एका घरपोच किराण्याच्या ॲपसाठी काम केलं, कंपनीचं नाव देणार नाही. मृण्मयीताईंच्या सत्तावीस ऑर्डरींबद्दल मला लिहायलाच हवं, कारण तो आकडा आमच्या दर सोमवारच्या बैठकीत फळ्यावर असायचा. एक घर महिन्यात किती वेळा ॲप उघडतं आणि त्यातून किती वेळा मागवतं.

दहा मिनिटांची डिलिव्हरी चालते ती वस्तीतल्या छोट्या गोदामांवर, त्यांना डार्क स्टोअर म्हणतात. दोन-तीन किलोमीटरच्या टापूसाठी एक. आत गिऱ्हाईक येत नाही, नुसत्या फळ्या आणि माल उचलणारी पोरं. झेप्टो मुंबईत २०२१ मध्ये सुरू झालं, त्याच वर्षाच्या शेवटी ग्रोफर्स या जुन्या किराणा ॲपने ब्लिंकिट हे नाव घेऊन याच वाटेने जायचं ठरवलं. यात अडचण अशी की मुलगा कोथिंबीर घेऊन गेला काय आणि दोन हजारांचं सामान घेऊन गेला काय, त्याच्या फेरीचा खर्च जवळपास तेवढाच. म्हणून "आणखी १८४ ची खरेदी करा." ती पट्टी म्हणजे फेरीचा खर्च वसूल करायची धडपड आहे. आम्ही ती पट्टी हिरवी करायची की केशरी, आकडा "बाकी" म्हणून दाखवायचा की भरत जाणारी रेघ म्हणून, हे निम्म्या लोकांना एक आणि निम्म्यांना दुसरं दाखवून मोजायचो. भरत जाणारी रेघ जिंकली. अर्धवट रेघ माणसाला बघवत नाही.

दुसरं म्हणजे शोध. तुम्ही "तूरडाळ" लिहिता तेव्हा वर येणारी पहिली डाळ बरेचदा जाहिरातीचे पैसे देऊन तिथे आलेली असते. बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलेलं असतं. फळीमांडणी यांनी सांगितलेली डोळ्यांच्या उंचीची फळी ती हीच. फरक इतकाच की दुकानातली फळी सगळ्यांना सारखी दिसायची, ही फळी माणूस बघून बदलते.

तिसरं पैसे. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि नोटाबंदीनंतर झपाट्याने पसरलं. मी स्वतः त्याचा मोठा चाहता आहे, भाजीवाल्या मावशींनासुद्धा सुट्ट्यांची कटकट राहिली नाही. पण नोट मोजून देताना हात जरा थबकतो, तो थबकणारा क्षण यात नाही. अमेरिकेत एमआयटीच्या प्रेलेक आणि सिमेस्टर या दोघांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली, काहींना रोखीने आणि काहींना क्रेडिट कार्डाने पैसे भरायचे होते. कार्डवाल्यांच्या बोली सरासरी रोखीवाल्यांच्या जवळपास दुप्पट होत्या. तिकीट तेच, सामना तोच.

मी ते काम का सोडलं तेही सांगतो. सामान काढून टाकायचं बटण दोन पडदे मागे ढकलायचा निर्णय झाला, आणि ते काम माझ्याकडे आलं. मी ते केलं. त्या रात्री आईचा फोन आला, "अरे, यातली नको असलेली वस्तू काढायची कशी?" ती आमचंच ॲप वापरत होती. पुढच्या तीन महिन्यांत मी नोकरी बदलली.

वाण्याचा_पोर

दादा, हे इतक्या मोकळेपणाने लिहिलंत, आभार.

सुलभा_कोथरूड

मी सत्तरी ओलांडलेली निवृत्त शिक्षिका. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन्ही गुडघे गेलेले. दुसरी बाजू मांडते, जरा कडक वाटली तरी मांडते.

ॲप येण्याआधी मी शेजारच्या मुलाच्या सवडीवर जगत होते. त्याला वेळ असेल तेव्हा दूध, त्याला आठवेल तेव्हा औषध. अर्धा किलो साखरेसाठी कुणापुढे तोंड वेंगाडायला लागू नये, हे सुख काय असतं ते तरण्या माणसांना नाही कळायचं. मला माझ्या मनासारखे टोमॅटो मागवता येतात. ती पट्टी हिरवी असो की केशरी.

आणि त्या चौतीस ओळींच्या यादीबद्दल. ती करणारी बाई होती, मृण्मयी. डबे हलवणारी ती, कुठला सण कधी आहे, कुणाला कुठली डाळ बाधते हे डोक्यात ठेवणारी ती, सामान आलं की निवडून, पाखडून, उन्हं दाखवून भरणारी तीच. मीही तीस वर्षं शाळा सांभाळून ते केलं. पाहुणे आले आणि रवा संपलेला निघाला तर बोल मला. आज माझा नातू, चोवीस वर्षांचा मुलगा, दूध संपलं की स्वतः मागवतो. माझ्या नवऱ्याला घरात चहापत्ती कुठल्या डब्यात असते हे अखेरपर्यंत माहीत नव्हतं. यादी गेली याचं तुम्हाला वाईट वाटतंय, पण त्या यादीचं ओझं कुणाच्या डोक्यावर होतं तेही लिहून ठेवा.

मृण्मयी_डोंबिवली

सुलभाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वहीत अक्षर सासऱ्यांचं आहे आणि मी नकळत "सासूबाईंची वही" म्हणत होते. अक्षर त्यांचं, आठवण सासूबाईंची. तुमचं म्हणणं पूर्ण पटलं. मला परत स्टुलावर चढायचं नाहीये. मला फक्त तो थांबा हवाय, जिथे आपल्याला काय हवंय हे आपण आधी ठरवतो.

मुलुंडकर_जोशीकाका

तसा थांबा अजून शिल्लक आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते. आम्ही शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून संघ केलेला. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला छापील मागणीपत्रक भरायचं, सगळ्यांच्या मागण्या एकत्र करून द्यायच्या. पंचायत घाऊक खरेदी करणार, माल संघातल्या एकाच्या घरी येणार, मग सगळ्यांनी बसून वाटप करायचं. आमच्याकडे पाळी असली की दिवाणखान्यात पुड्यांचे ढीग आणि वीस माणसं. सुलभाताई, त्यात पुरुषांनाही राबावं लागायचं, मी स्वतः गुळाच्या ढेपा उचलल्यात.

पत्रकात प्रत्येक वस्तूचे पन्नास ब्रँड नसायचे. एक-दोन चांगले, तपासून घेतलेले. आणि महिन्याची मागणी एकदा दिली की दिली. मनात आलं आणि मागवलं, ही सोयच नव्हती. तरुण मंडळींना हे जाचक वाटतं, आमच्या संघात आता तीनच घरं चाळिशीच्या आतली आहेत. मला मात्र अजून यापेक्षा बरी रीत दिसलेली नाही.

श्वेता_स्टुटगार्ट

इथे जर्मनीत माझी यादी परत आली, आणि ती माझ्या शिस्तीने नाही. रविवारी दुकानं बंद असतात, कायद्यानेच. शनिवारी संध्याकाळी आठवलं नाही तर सोमवारपर्यंत कोथिंबीर नाही (तशीही ती तुर्की दुकानातच मिळते). पहिल्या वर्षी फार चिडचिड व्हायची. आता शुक्रवारी रात्री आम्ही दोघं फ्रीज उघडून यादी करतो.

आणखी एक म्हणजे फळीवरच्या पट्टीवर किलोचा किंवा लिटरचा भाव छापणं इथे बंधनकारक आहे. छोटा पुडा, मोठा पुडा, "२० टक्के जास्त" लिहिलेला पुडा, सगळ्यांचा किलोचा भाव समोर. भारतातही आता पॅकवर एककाचा दर छापतात, गेल्या सुट्टीत पाहिला. फक्त तो इतक्या बारीक अक्षरात असतो की आईने मला वाचायला सांगितला.

बँकेतला_माणूस

थोडं अवांतर, पण त्याच कुळातलं. "नो कॉस्ट ईएमआय". रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, तशा योजना बंद करा. आता जे चालतं त्यात व्याज असतंच, विक्रेता तेवढी सूट देऊन ते झाकतो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र तुम्हीच भरता, आणि बरेचदा प्रोसेसिंगचा आकारही. एकरकमी घेतलं तर तीच सूट मिळते का, हे दुकानदाराला आधी विचारा. माझ्या भावाला फ्रिजवर मिळाली होती.

तुंगभद्रा_ते_मुळा

मागच्या प्रतिसादात एक राहिलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यात तेरा प्रकार नावानिशी दिलेत. "फक्त २ शिल्लक" अशी खोटी घाई, न विचारता टोपलीत वस्तू किंवा देणगी टाकणं, पहिल्या पडद्यावर एक किंमत आणि शेवटच्या पडद्यावर दुसरी, वर्गणी सुरू करायला एक टिचकी आणि बंद करायला दहा. तुमच्या बाबतीत असं झालं तर पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर कळवा. तक्रार मराठीतही करता येते. कंपन्यांना तक्रारींची भीती असते, हे मी आत बसून पाहिलंय.

मृण्मयी_डोंबिवली

सव्वा महिन्याने परत लिहितेय. फ्रीजवर कागद लावला आणि दोरीने पेन्सिल बांधली. नियम एकच, जो डबा रिकामा करेल त्याने लिहायचं. ॲप काढून टाकलं नाही, सूचना तेवढ्या बंद केल्या. ऑर्डरी सत्तावीसवरून अकरावर आल्या. त्यातल्या चार लेकाने केलेल्या, सगळ्या रात्री दहानंतरच्या. अहो पहिले दहा दिवस काहीच लिहीत नव्हते. मग एकदा चहापत्तीशिवाय सकाळ गेली, तेव्हापासून लिहितात.

आणि पेन्सिलचे गोल कळले! नणंदेला वहीचे फोटो पाठवले होते. ती म्हणाली, आई ज्या वस्तूंवर गोल करायची त्या "जमल्यास" असायच्या. बेरीज ठरवलेल्या रकमेच्या वर गेली तर आधी त्या काढायच्या. १९९४ च्या ऑक्टोबरात, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, बदाम, केशर आणि सुगंधी साबणावर गोल आहेत. बदाम आणि केशरापुढे बरोबरची खूण नाही.

वाण्याचा_पोर

ताई, हे वडिलांना वाचून दाखवलं. ते लगेच म्हणाले, आपल्याकडे त्याला "बघू" म्हणायचे. गिऱ्हाईक सांगून जायचं, एवढं बघू. ते सामान आम्ही पोत्यात भरत नव्हतो, गल्ल्याशेजारी वेगळं काढून ठेवायचो आणि बेरीज सांगितल्यावर विचारायचो, हे घालू का?